रायफलीला अ‍ॅडजस्टेबल गॅस ब्लॉक बसवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मूळचे पुण्याच्या सहकारनगरचे, नोकरीमुळे कोलोरॅडोत स्थायिक झालात. तिथल्या कायद्याप्रमाणे घेतलेली 16 इंची नळीची, कार्बाइन लांबीच्या (म्हणजे आखूड) गॅस सिस्टीमची एआर-15 रायफल तुमच्याकडे आहे. रिकाम्या पुंगळ्या पुढच्या बाजूला लांब उडतात आणि धक्का वाजवीपेक्षा जास्त बसतो. रेंजवरचा एक मित्र म्हणतो, अ‍ॅडजस्टेबल गॅस ब्लॉक (नळीतून यंत्राकडे जाणारा गॅस कमी-जास्त करता येणारा भाग) टाक, रायफल एकदम मऊ चालेल. दुसरा म्हणतो, त्या वाटेला जाऊच नकोस, ऐन वेळी बंद पडेल. पुढेमागे सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडाला लावून आवाज दाबणारा भाग, घ्यायचाही विचार आहे. कुणाचं ऐकायचं?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण मूळ प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही. तुमच्या रायफलीत गॅस खरोखर जास्त येतोय का? आणि येत असेल तर तो कायमच जास्त आहे, की काडतूस, हवा किंवा सप्रेसर बदलला की कमी-जास्त होतो? कायमच जास्त असेल तर तो मूळ मापाचा प्रश्न आहे आणि मापाचा प्रश्न मापानेच सोडवावा. परिस्थितीप्रमाणे गरजच बदलत असेल तर रेग्युलेटरला, म्हणजे गॅस कमी-जास्त करायच्या सोयीला, अर्थ आहे. माझं सगळं उत्तर या एका फरकावर उभं आहे.

मी फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. उमेदीची वर्षं एसएलआर रायफल, एलएमजी (हलकी मशीनगन) आणि नंतर इन्सास रायफल उघडण्या-जोडण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर पुण्यात राहतोय. म्हणजे माझा हात बसला तो पिस्टनवाल्या हत्यारांवर. एआर-15 ची जात थोडी वेगळी असली तरी गॅसचं गणित तेच आहे. पुण्यात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 यांच्या चौकटीत सेंटरफायर अर्धस्वयंचलित रायफल आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाही. त्यामुळे इथे हा विषय यंत्र समजून घेण्यापुरताच आहे.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. गोळी नळीतून पुढे जाताना गॅस पोर्टचं भोक ओलांडते आणि तिच्या मागच्या गॅसचा थोडा भाग त्या भोकातून वर जातो. एसएलआर किंवा एके असेल तर तो पिस्टनला ढकलतो. एआर-15 मध्ये तो बारीक नळीतून (गॅस ट्यूबमधून) थेट बोल्ट कॅरियरमध्ये, म्हणजे चेंबर बंद करणाऱ्या बोल्टला मागे-पुढे नेणाऱ्या भागात येतो. हे सगळं गोळी तोंडातून बाहेर पडेपर्यंतच जोरात चालतं, कारण ती बाहेर पडली की दाब कोसळतो. तुमच्या नळीत पोर्ट ओलांडल्यावर गोळीला साधारण 8 इंच जायचं असतं. सेकंदाला 850 मीटरच्या आसपास वेग धरला तर हा वेळ एका मिलिसेकंदाच्या चौथ्या हिश्शाइतका होतो. तेवढ्यात पुरेसा गॅस मिळाला पाहिजे. कमी मिळाला तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही. जास्त मिळाला तर बोल्ट लवकर उघडतो. चेंबरमधला दाब अजून उतरलेला नसतो, पुंगळी भिंतीला घट्ट चिकटलेली असते, आणि एक्स्ट्रॅक्टर तिला ओढायला लागतो.

कार्बाइन लांबीची गॅस सिस्टीम अमेरिकन एम-4 वर 14.5 इंची नळीसाठी आहे. तीच 16 इंची नळीवर घेतली की पोर्टच्या पुढचं अंतर वाढतं आणि गॅसला काम करायला जास्त वेळ मिळतो. त्यात बरेच उत्पादक पोर्टचं भोक मुद्दाम थोडं मोठं ठेवतात. गिऱ्हाईक कुठलं काडतूस वापरेल याचा भरवसा नसतो. स्वस्त, मऊ म्हणजे कमी जोराच्या .223 काडतुसावरही रायफल चालली पाहिजे, नाहीतर ती परत येते. म्हणून तुमच्या रायफलीत गॅस थोडा जास्त असेल तर त्यात नवल नाही, आणि तेवढ्यावरून ती सदोष ठरत नाही.

आता रेग्युलेटर कुणी आणि का लावला ते पाहा, म्हणजे फायदे-तोटे आपोआप उलगडतील. आमची एसएलआर, म्हणजे बेल्जियन एफएन एफएएलच्या घराण्यातली, ईशापूरला बनलेली 7.62 मिमी रायफल. तिच्या गॅस ब्लॉकवर फिरणारी कडी असते. ती पिस्टनकडे जाणारा गॅस चिमटत नाही. जास्तीचा गॅस बाहेर सोडून देते. लावायची पद्धत ठरलेली. कडी पूर्ण उघडायची, म्हणजे बहुतेक गॅस वाया जातो आणि रायफल अडखळते. मग एकेक घर बंद करत एकेक राऊंड मारायचा. रायफल स्वच्छ चालायला लागली की तिथून आणखी दोनेक घरं बंद करायची. ही वरची दोन घरंच या पद्धतीचा जीव आहेत. धूळ, थंडी, वाळलेलं तेल, कमजोर राऊंड हे सगळं ती दोन घरं भागवतात. ब्रेन जातीच्या एलएमजीचा मार्ग वेगळा होता. तिच्या रेग्युलेटरला वेगवेगळ्या मापांची चार भोकं असत आणि गॅस कमी पडला की मोठ्या भोकावर जायचं. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेत घडलेल्या इन्सासलाही एफएएलच्या धर्तीचा रेग्युलेटर आहे, शिवाय रायफल ग्रेनेडसाठी गॅस पूर्ण बंद करायची सोय.

एकेने हा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. गॅस भरपूर द्यायचा, फिरवायला काहीच ठेवायचं नाही. धक्का जास्त बसतो, भाग जास्त झिजतात, पण शिपायाला चुकायला जागा राहत नाही. त्याच रशियाच्या ड्रॅगुनोव्ह रायफलीला मात्र दोन घरांचा रेग्युलेटर आहे आणि तो काडतुसाच्या कडेनं फिरवता येतो. मला ती रचना फार आवडते. दोनच जागा, हाताशी असलेल्या वस्तूनं फिरणारी, आणि मधे कुठेतरी अडकून राहण्याचा प्रश्न नाही.

उलट बाजूचा धडा एम-16 चा. तिला रेग्युलेटर नव्हता आणि मूळ गणित एका प्रकारच्या दारूवर बसवलेलं होतं. 1960 च्या दशकात काडतुसातली दारू बदलली, बॉल पावडर आली, पोर्टपाशी दाब वाढला आणि रायफल ठरल्यापेक्षा खूप वेगानं चालायला लागली. पुंगळ्या चेंबरमध्ये अडकू लागल्या. कारणं आणखीही होती, साफसफाईचं सामान आणि शिकवण कमी पडली, चेंबरला क्रोम नव्हतं. पण गॅसपुरतं बोलायचं तर वेग आवरला तो वजनदार नव्या बफरनं (कॅरियरच्या मागे स्प्रिंगसोबत सरकणाऱ्या वजनानं), रेग्युलेटर लावून नव्हे. तुमच्या बाबतीत मला आधी बफर आठवतो तो यामुळेच.

आता निदान. पुंगळी पुढे उडते एवढ्यावरून गॅस जास्त असा निकाल देऊ नका. साधारण ठोकताळा असा की नेमबाजाच्या उजव्या हाताला, घड्याळाच्या 3 ते 4 च्या दिशेला पडली तर ठीक, 1-2 कडे गेली तर वेग जास्त, 5 कडे घरंगळली तर कमी. पण पुंगळी बाहेर उडवणाऱ्या इजेक्टरची स्प्रिंग नवी कडक असेल, एक्स्ट्रॅक्टर बदलला असेल किंवा डिफ्लेक्टरचा कोन वेगळा असेल तरी दिशा बदलते. मी पुंगळीच्या दिशेपेक्षा पुंगळीवर जास्त विश्वास ठेवतो. दहा-बारा पुंगळ्या गोळा करा आणि खिडकीपाशी उजेडात एकेक फिरवून बघा. बुडाच्या कडेला एक्स्ट्रॅक्टरनं ओढल्याची खूण असते. ती नुसती चमक असेल तर चिंता नाही. कड वाकलेली किंवा फाटायला आलेली असेल तर बोल्ट दाब उतरायच्या आत ओढतोय. मग बुडाचा सपाट भाग पाहा. इजेक्टरच्या भोकाचा गोल ठसा आणि त्याला लागून पितळ एका बाजूला पुसल्यासारखी चमकदार रेघ असेल तर दोन शक्यता आहेत, काडतूसच जास्त दाबाचं आहे किंवा बोल्ट फार लवकर फिरतोय. दुसऱ्या कंपनीच्या काडतुसावर तीच खूण दिसते का ते पाहिल्याशिवाय यातलं काय खरं ते ठरवता येत नाही.

इथे सगळ्यात जास्त गोंधळ ज्या गोष्टीत होतो ती नीट लक्षात घ्या. पुढचा राऊंड न उचलता बोल्ट रिकामाच बंद होणं, हे गॅस कमी असल्याचं लक्षण समजलं जातं. ते तसं असतंही, पण गॅस फार जास्त असला तरी नेमकं हेच होतं. बोल्ट इतक्या वेगानं परत येतो की मॅगझिनची स्प्रिंग पुढचा राऊंड वर ढकलायच्या आत तो निघून जातो. दोन्हीत लक्षण एक आणि इलाज बरोबर उलटा. ओळखायची सोपी रीत अशी. मॅगझिनमध्ये एकच राऊंड घालून मारा आणि बोल्ट मागे अडकून राहतो का ते पाहा. असं वेगवेगळ्या मॅगझिननी करा. दरवेळी अडकत असेल आणि पुंगळ्या पुढे उडत असतील तर गॅस कमी नाही हे नक्की. नव्या, ताठ स्प्रिंगच्या मॅगझिननं अडचण नाहीशी झाली तर दोष मॅगझिनचा किंवा अतिवेगाचा. हे पाहण्याआधी जर कुणी गॅस वाढवला, तर तो आजार वाढवतोय.

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या हत्यारांत एक खूण मला लांबूनही कळायची. रेग्युलेटर शेवटच्या घरात, म्हणजे पूर्ण गॅसवर लावलेला दिसला की मी तो हातही न लावता आधी पिस्टन काढायचो. बहुतेक वेळा पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा जाड थर असायचा, कधी गॅस प्लग सैल, कधी गॅस सिलिंडरला पोचा पडून पिस्टन घासत असायचा. जवानानं काय केलेलं असायचं? रायफल मंद चालली, एक घर वाढवलं. पुन्हा मंदावली, आणखी एक घर. प्रत्येक वेळी रायफल चालली आणि खरा दोष झाकला गेला. रेग्युलेटरवर माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. तो मोडण्याची भीती मला त्या मानानं कमी वाटते. तुमच्या रायफलीत अशा लपणाऱ्या जागा म्हणजे कॅरियरवरच्या गॅस कीचे (गॅस ट्यूब जिथे जुळते त्या भागाचे) सैल झालेले स्क्रू, बोल्टवरच्या झिजलेल्या गॅस रिंग आणि पोर्टवर तिरका बसलेला गॅस ब्लॉक. या तिन्हींनी गॅस गळतो किंवा अडतो. अशा रायफलीवर अ‍ॅडजस्टेबल ब्लॉक टाकला तर तुम्ही गळती धरून सेटिंग लावाल, आणि गळती वाढली की सेटिंग चुकेल.

आता फायदे, कारण ते खरे आहेत. स्पर्धेत नेमबाजी करणारे लोक हलका कॅरियर, मऊ काडतूस आणि नेमका तेवढाच गॅस अशी जुळणी करतात. निशाणा जागचा कमी हलतो आणि दुसरा राऊंड लवकर जमतो. त्यांचं काडतूस ठरलेलं, रेंज ठरलेली, आणि रायफल अडखळली तर फार तर गुण जातात. त्यांच्यासाठी ही वस्तू चांगलीच आहे. जे स्वतः काडतुसं भरतात त्यांनाही उपयोग होतो. एम-1 गारँडचं उदाहरण घ्या. 1936 मध्ये स्वीकारलेल्या त्या रायफलीला हळू जळणाऱ्या दारूची काडतुसं दिली तर पोर्टपाशी दाब वाढून ऑपरेटिंग रॉड वाकू शकतो, म्हणून तिच्यासाठी गॅस बाहेर सोडणारे प्लग बनवले गेले. डावखुऱ्या माणसालाही फरक जाणवतो, कारण इजेक्शन पोर्टमधून येणारा गॅस त्याच्या तोंडावरच येतो. आणि सप्रेसर कधी लावायचा, कधी काढायचा असं असेल तर रायफलीची गॅसची गरज खरोखरच दोन प्रकारची होते.

तोट्यांपैकी एक झाला, दोष झाकण्याचा. दुसरा कार्बनचा. जिथे हा स्क्रू असतो ती जागा रायफलीत सर्वांत गरम आणि सर्वांत घाण जागांपैकी एक. महिनोन्महिने न हलवलेला स्क्रू जागेवर जाम होतो आणि जबरदस्ती केली की त्याचं डोकं झिजतं. घरं नसलेला, नुसत्या घट्टपणावर उभा राहणारा स्क्रू याच्या उलट वागतो. कंपनाने तो हळूहळू फिरतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. गॅस चिमटणाऱ्या रचनेत हे जास्त, कारण गॅसचा झोत थेट स्क्रूच्या टोकावर आदळतो आणि ते टोक झिजत जातं. एफएएलसारख्या बाहेर सोडणाऱ्या रचनेत झीज कमी, पण सोडलेला गॅस हँडगार्डखाली साचून ते तापवतो.

तिसरा तोटा तुमच्या कोलोरॅडोच्या हवेचा आहे, आणि तुमच्यासाठी मला तोच सर्वांत मोठा वाटतो. चेतकच्या जमान्यातल्या स्कूटरचा कार्बोरेटर एप्रिलच्या दुपारी अगदी बारीक लावून घेतला की डिसेंबरच्या पहाटे किका मारून पाय दुखायचे. रायफलीचंही तसंच. थंडीत दारू जरा कमी दाब देते, तेल घट्ट होतं, घर्षण वाढतं. उन्हाळ्यात रेंजवर अगदी काठावर लावलेली रायफल जानेवारीत शून्याखाली अडखळेल. लोक सेटिंग लावताना धक्का किती मऊ झाला यावर खूश होतात आणि वरची दोन घरं द्यायला विसरतात. मग ‘अ‍ॅडजस्टेबल ब्लॉक बेभरवशाचे’ अशी तक्रार होते. तुमच्या दुसऱ्या मित्राचा अनुभव बहुधा यातलाच असावा.

सप्रेसरबद्दल अपेक्षा जरा आवरून ठेवा. सप्रेसर लावल्यावर नळीतला दाब उतरायला जास्त वेळ लागतो, म्हणून बोल्ट जोरात येतो आणि तोंडावर गॅस येतो. अ‍ॅडजस्टेबल ब्लॉक बोल्टचा वेग आवरतो. पण तोंडावर येणाऱ्या गॅसचा बराच भाग गॅस ट्यूबमधून येतच नाही. चेंबर उघडल्यावर तो नळीतूनच मागे येतो आणि त्याच्यावर ब्लॉकचा ताबा नाही. तो कमी होईल, जाणार नाही. सप्रेसर घेतलात तर मी दोन ठाम घरं असलेला ब्लॉक निवडेन, एक साधं आणि एक सप्रेसरचं, बोटांना कळेल अशा खटक्यासह. पंधरा-वीस घरांचा बारीक स्क्रू स्पर्धेच्या रायफलीला शोभतो.

इथवरचा हिशेब असा: गॅस जास्त आहे हे अजून सिद्ध व्हायचं आहे, असलाच तर तो मूळ मापामुळे कायमचा असण्याची शक्यता दाट आहे, आणि बदलती गरज तुमच्याकडे सप्रेसर येईल तेव्हा येईल.

तुमच्या जागी मी असतो तर क्रम असा ठेवला असता. आधी बफर बाहेर काढून त्यावरची खूण पाहा. काहीच खूण नसेल तर तो साधा कार्बाइन बफर, सुमारे 3 औंसांचा. एच लिहिलेला 3.8 औंसांच्या आसपास, एच-2 साधारण 4.6. साधा असेल तर एच घाला, गरज वाटली तर एच-2. स्प्रिंग जुनी असेल तर नवी. हा खर्च ब्लॉकपेक्षा कमी, नळीला हात लावावा लागत नाही आणि नको वाटलं तर पाच मिनिटांत पूर्ववत. बफर गॅस कमी करत नाही, हे खरं. तो कॅरियरला जड करून मागे जाण्याचा वेग उतरवतो आणि उघडणं किंचित लांबवतो. तुमच्या वर्णनावरून बहुतेक एवढंच पुरेल.

त्यानंतरही पुंगळीची कड फाटत असेल तर पोर्टचं माप एखाद्या चांगल्या गनस्मिथकडून मोजून घ्या आणि गॅस की, रिंग व ब्लॉकची बैठकही त्यालाच तपासायला सांगा. भोक फारच मोठं निघालं तर अ‍ॅडजस्टेबल ब्लॉकचा विचार करा, किंवा नळी बदलायची वेळ येईल तेव्हा मिडलेंथ, म्हणजे कार्बाइनपेक्षा लांब गॅस सिस्टीमची, घ्या. 16 इंची नळीला ती लांबी जास्त शोभते. ब्लॉक घेतलात तर बसवायचं काम गनस्मिथला द्या. सेटिंग लावताना तुमच्याकडचं सर्वांत कमजोर काडतूस वापरा आणि रायफल मुद्दाम थोडी मळलेली असू द्या. एका राऊंडवर बोल्ट दरवेळी अडकायला लागला की तिथून दोन घरं वर. थंडी पडली की तीच चाचणी पुन्हा एकदा. स्क्रू दर सफाईला पूर्ण फिरवून परत त्याच घरात आणा आणि घराचा आकडा रायफलीच्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणी फिरवला तर कळेल.

बफरवरची खूण, वापरता ती काडतुसं आणि उजेडात पाहिलेल्या पुंगळ्यांच्या बुडाचे दोन-तीन स्वच्छ फोटो एवढं पाठवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.